हात तेवढे राहिले

चित्रातली मुलगी तिने मनानेच रचली होती: सतरा-अठरा वर्षांची, हंगाम असेल त्या गावाला जाणारी, परक्या शेतात टोमॅटो तोडणारी. चेहरा छान हसरा उतरला होता. हात तेवढे राहिले होते, कारण हात ती नेहमी शेवटी रंगवायची.

संध्याकाळी चित्र प्रदर्शनाला न्यायला गाडी येणार होती, आणि बाळ पाळण्यात टक्क जागं होतं. पाळणा थांबला की लगेच भोकाड.

"वहिनी, त्या पोरीचे हात कधी काढणार?" नणंद चपला घालता घालता म्हणाली. "बिचारी टोमॅटो काय दातांनी तोडणार आहे?"

"तुझी भाची झोपू दे आधी."

नणंद हसत बाजारात गेली. घरात मायलेकीच उरल्या.

एका हाताने पाळण्याची दोरी ओढत तिने दुसऱ्या हाताने रंगवायला घेतलं. रापलेली बारीक बोटं, नखांत माती. इतके जिवंत हात तिला आजवर साधले नव्हते. त्या आनंदात दोरी कधी सुटली, तिला कळलंच नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ती भानावर आली. पाळणा संथ झुलत होता. बाळ गुदगुल्या झाल्यासारखं खिदळत होतं, आणि त्याच्या गालावर ओल्या मातीचं बोट उमटलं होतं, तिच्या बोटापेक्षा बारीक.

त्या खिदळण्याने तिलाही हसू फुटलं. हसत हसतच ती चित्र उचलायला वळली.

मुलगी तशीच हसत उभी होती. तिच्या बाह्यांखाली कोरा कॅनव्हास होता.