मधाच्या रंगाचा झुबका

ओहायोतल्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत ऑर्व्हिल आणि ड्वेन वीस वर्षं जोडीनं स्फटिक शोधत होते. त्या शनिवारी कडा ढासळला आणि ऑर्व्हिलचा पाय दगडांखाली सापडला.

"हलू नकोस, ऑर्व्हिल! अजिबात हलू नकोस!" ओरडत ड्वेन धावत आला. ऑर्व्हिलच्या गुडघ्यापाशी कॅल्साइटच्या स्फटिकांचा मधाच्या रंगाचा झुबका उघडा पडला होता. ड्वेननं तो अलगद सोडवला, कोटात गुंडाळला, गाडीत ठेवून आला आणि मग अँब्युलन्सला फोन लावला.

चौथ्या दिवशी तो हॉस्पिटलात आला. ऑर्व्हिलला वाटलं, माफी मागेल. ड्वेन कानाशी वाकला, "तुझी त्या दिवशीची पँट कुठंय रे? झुबक्याचं एक टोक तुटलंय, दुमडीत अडकलं असेल."

ऑर्व्हिलनं बेल दाबली.


"सिस्टर, याला बाहेर काढा, नाहीतर उलटीचं भांडं तरी आणा."