मधल्या तळ्याची वाट

कृष्णराजला या एका दिवसाच्या फेरीत अख्खं तळं मिळणार होतं. विठाबाईला मिळणार होती फक्त पायाखालची वाट, आणि तीही तिच्या मते आधीपासून गावाचीच. तेव्हा नवे कोरे बूट कुणाच्या पायात होते, हे वेगळं सांगायला नको.

अणदूरच्या वरच्या अंगाला डोंगरात तीन तळी आहेत. थोरलं, मधलं आणि खापरतळं. पायथ्याच्या पिंपळापासून निघायचं, तिन्ही तळी करून पुन्हा पिंपळाशी यायचं, दिवस मोडतो. गावच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या तिथं शेळ्या नेतात. हल्ली रविवारी सोलापूरची हौशी मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून ही फेरी मारतात आणि पासष्टीची विठाबाई त्यांच्या पुढं चालते.

मधल्या तळ्याभोवतीचं रान कृष्णराजचं. तो याच गावचा, पण वीस वर्षं उमरग्यात. त्याला तिथं तंबू ठोकून पाहुणे उतरवायचे होते, कुंपण घालून. त्यानं आधी जेसीबी फिरवला आणि मग तहसिलीत लिहून दिलं, ‘इथं पायवाट कधीच नव्हती. मी जन्मात पाहिली नाही.’

विठाबाईनं उलटा अर्ज दिला. तिचे साक्षीदार सगळे भावकीतले निघाले, म्हणून ते बाद. उरली स्थळपाहणी. जुनी वाट जागेवर सलग मिळाली तर कुंपण नाही. मध्ये तुटली तर अर्ज फेटाळला.

सकाळी आठला मंडळ अधिकारी इरशादभाई वही घेऊन पिंपळाखाली हजर झाले.

“चला मावशी. मला डोंगरातलं काही म्हणजे काही कळत नाही असं समजा.”

“आन् ह्यांस्नी?” विठाबाईनं कृष्णराजकडं हनुवटी केली.

“मला कशाला कळंल?” कृष्णराज हसला. “मी कधी येतोय हितं?”

थोरल्या तळ्यापर्यंत गाडीवाट होती. तिच्याबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. तळ्याच्या पुढं मात्र जमीन खरवडून सपाट केलेली. विठाबाई थांबली. डोळ्यांवर हात धरून तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि सरळ उजवीकडचा चढ धरला.

“वरनं व्हती,” म्हणाली.

अर्धा तास ते काट्यांतून चढले. पुढं उभा कडा लागला. कृष्णराजची टाच सोलली होती.

“काकू, कुठं चाललात? हितं शेळी बी चढायची न्हाय!”

“मग तुमी म्हनाल तिथनं जाऊ. वाटच नव्हती म्हनता न्हवं? मग कुठनं बी गेलं तर काय बिघडतंय?”

“अवो, खालनं! त्या बाभळींच्या मधनं सरळ जाता येतंय.”

ते खाली उतरले. बाभळींच्या मधनं सरळ गेले. इरशादभाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

“काय लिहिलंत?” कृष्णराजनं विचारलं.

“अर्जदार चुकल्या, असं.”

“बराबर. असंच लिहीत ऱ्हावा.”

पुढं ती आणखी चुकली. एका घळीपाशी दोनदा फिरून तिथंच आली. मधल्या तळ्यावर तर तिनं डावा काठ धरला, तेव्हा कृष्णराज मागून ओरडलाच.

“तिकडं गाळ हाय! कमरेएवढं रुताल. सांडव्याच्या उजव्या अंगानं चला.”

सांडव्यावर बसून त्यांनी भाकरी सोडली. विठाबाईनं कृष्णराजलाही चटणी वाढली. वैर वैराच्या जागी.

“काकू, वय झालं आता,” तो घास चावत म्हणाला. “अर्ज मागं घ्या. तंबूवर भाकऱ्या थापायला तुम्हालाच ठेवतो की.”

“थापीन की. लई झ्याक थापते. पर चूल वाटंच्या मधोमध मांडीन.”

इरशादभाईंना ठसका लागला.

दुपार कलली. खापरतळं आलं. त्याच्या पलीकडं सगळी करवंदीची जाळी, आणि तिच्यात शिरणाऱ्या चार फटी. विठाबाई प्रत्येक फटीपुढं उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसून खाली बसली.

“सायब, हितनं फुडं मला ठाव न्हाय.”

पाण्यावर एक टिटवी ओरडत गेली.

“लिहा!” कृष्णराज म्हणाला. “लिहा, तुटली म्हणून!”

“अर्जदारांना ठाऊक नाही, लिहिलं,” इरशादभाई म्हणाले. “पण आता उतरायचं कसं? परत फिरलो तर अंधार गाठणार.”

“त्याची काळजी तुम्हाला नको. या माझ्या मागं.”

तिसऱ्या फटीतून तो वाकून आत शिरला. जिंकलेला माणूस हलका चालतो. सोललेली टाच विसरून कृष्णराज पुढं, मागं वही, आणि सगळ्यात मागं विठाबाई.

“हितं पाऊल जपून टाका, पायऱ्या खोदल्यात... आता डावीकडं. ह्यो उंच दगड दिसतोय न्हवं? बाया डोक्यावरचा भारा ह्याच्यावर टेकवायच्या. आमची आय बी. मी लहान असताना हितंच बसून ती माझ्या पायातला काटा काढायची.”

“आन् मग?” विठाबाईनं मागून विचारलं.

“मग काय, वढ्याच्या कडंनं खाली. रोजचंच की ते.”

सूर्य हातभर वर असतानाच ते पिंपळाशी पोचले. विठाबाई बुंध्याला टेकून बसली आणि तिनं पाय लांब केले. कृष्णराज सही करायला उतावीळ झाला होता. इरशादभाई म्हणाले, आधी वाचून दाखवतो, नियम आहे.

“थोरलं तळं ते पिंपळ. जुनी वाट जागेवर सलग आढळली, कुठंही तुटलेली नाही. एकूण वळणं अकरा. त्यांपैकी अर्जदार विठाबाई यांनी बरोबर दाखवलेली, एकही नाही.” त्यांनी पान उलटलं आणि पेन पुढं केलं. “सामनेवाले कृष्णराज यांनी स्वतः सांगून वा पुढं चालून दाखवलेली, अकराच्या अकरा. हं, करा सही.”