गोधडीखालची वायर

मुरूम गावात वीज आली, त्याच हिवाळ्यात गफार टेलरनं विजेची इस्त्री आणली. दिव्याच्या होल्डरातून बारीक वायर ओढली आणि कुणाचा पाय अडकू नये म्हणून म्हाताऱ्या आईच्या गोधडीखालून नेली.

"तुझ्या वायरीनं अंथरुणात लई ऊब येतीय रे," नसीमबी रोज म्हणायची. लेकाला बरं वाटायचं.

एक दिवस जळका वास आला. गफारनं आधी बटण बंद केलं, मग आईला उठवून गोधडी उचलली. खाली वायर काळी पडली होती. वायर गुंडाळून माळ्यावर गेली आणि कोळशाची जुनी इस्त्री खाली आली. म्हातारी घाबरेल म्हणून तो तिला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपून नसीमबी अंथरुणावर येऊन टेकली. तिनं गोधडीवर हात फिरवला.

"आज वायर जरा जास्तच तापलीय की रे, गफार."

"व्हय, अम्मा," म्हणत त्यानं गोधडीवरून नुकतीच फिरवलेली कोळशाची इस्त्री हळूच मशीनमागं सरकवली.