मोजणीचा अर्ज

"तो अर्ज मागे घे, लॉर्ना," व्हर्ल टटल दारातूनच म्हणाला. त्याच्या हातात रानचेरीच्या जामची बरणी होती.

आठवड्यातली ही तिसरी बरणी. चाळीस वर्षांच्या शेजारात या माणसाने तिला साधा कांदासुद्धा दिला नव्हता. लॉर्ना हॅस्केटला काही उमजेना. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं मात्र नक्की.

स्वयंपाकघराच्या टेबलावर तिच्या बारा पाट्या वाळत होत्या. प्रत्येकीवर हिरव्या रंगात लिहिलं होतं : 'ही जमीन सगळ्यांची आहे.' शाळेची बस चालवणं सोडल्यापासून अकरा वर्षं ती हेच सांगत फिरत होती. घरामागचं अँटलर पठार सरकारी होतं. तिथे कुणीही तंबू ठोकावा, कुणीही भटकावं. हिवाळ्यात एल्क हरणांचे कळप वरून उतरून तिथेच थांबायचे. आणि आता तेच पठार विक्रीच्या यादीत गेलं होतं.

वाचवायचा एकच मार्ग होता. बारमाही पाणी असलेली सरकारी जमीन विकता येत नाही, असा नियम होता. पठाराला लागून झरा एकच, आणि तो व्हर्लच्या कुंपणाच्या आत. त्याच्या आजोबांनी बांध कोरून तो गिळला, याबद्दल लॉर्नाला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तिने हद्द मोजण्याचा अर्ज केला होता.

"घाबरलास?" तिने विचारलं.

"घाबरलोय."

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं.

"झरा हवाय ना तुला?" व्हर्ल म्हणाला. "देतो. सरकारला बक्षीस म्हणून लिहून देतो. पठार वाचेल तुझं. फक्त मोजणीवाल्याला बोलावू नकोस."

"आमचंच आम्हाला बक्षीस! मोठाच दानशूर लागून गेलास."

"झरा माझा आहे, लॉर्ना."

"मग मोजणीला का भितोस?"

व्हर्लने निळा पडदा बाजूला सारला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. भाजीच्या वाफ्यापलीकडे पाखरांसाठी पाण्याचं दगडी पात्र होतं. लॉर्नाच्या नवऱ्याने, डेलने, मरायच्या आदल्या वर्षी ते बसवलं होतं. खरं तर डेलला चिमणी आणि ससाणा यांतला फरक कळत नव्हता. पण त्या उन्हाळ्यात अचानक त्याला पाखरांचा कळवळा आला, आणि सिमेंट कालवायला व्हर्ल आला होता. 'हे कधी हलवू नकोस, पाया खोल आहे,' असं डेल दहादा बजावायचा.

"पाणी घातलंस पाखरांना?" व्हर्लने विचारलं.

"रोज घालते. विषय बदलू नकोस. मोजणीत निघेल ते निघेल. रेषेपलीकडचं ते सगळ्यांचं. मग तिथे कुणाचं कुंपण असो नाहीतर कुणाची कबर. आजोबा-पणजोबांची नावं सांगायची नाहीत."

"डेललाही हेच ऐकवायचीस."

"त्याला पटायचं."

"पटायचं ना," व्हर्ल म्हणाला, "म्हणून तर..." आणि टोपी घालून तो निघून गेला.

चोराच्या मनात चांदणं, असं ती स्वतःशी म्हणाली. पण समाधान होईना. चोर चोरीचा माल परत देतो आणि वर माझाच आहे म्हणतो, हे कुठलं गणित? तिने जाम चाखून बघितला. चांगला होता, याचाही तिला राग आला.

गुरुवारी सकाळी मोजणीवाला आला. सोसा नावाचा शांत गृहस्थ होता. लॉर्ना एक पाटी आणि हातोडा घेऊन कुंपणाशी उभीच होती. पलीकडे व्हर्ल, धुतलेल्या शर्टात.

"टटलसाहेबांनी झरा कालच सरकारला लिहून दिला," सोसा म्हणाला. "तुमचं पठार यादीतून निघालं, मॅडम."

लॉर्नाने खरं तर नाचायला हवं होतं. तिने एवढंच विचारलं, "आणि मोजणी?"

"अर्ज तुमचा आहे. आत्ता मागे घेतलात तर मी परत जातो."

व्हर्ल तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत इतकी अजिजी तिने कधी पाहिली नव्हती. क्षणभर ती डगमगली. पण याचे उपकार कशाला? खरं काय ते एकदा कळू दे.

"मोजा," ती म्हणाली.

सोसाला शंभर वर्षांपूर्वीची खुणेची चकती हवी होती. लोखंडी नळीवर बसवलेली पितळी चकती, हद्दीच्या कोपऱ्यावरची. धातू शोधायचं यंत्र घेऊन तो कुंपणाच्या कडेकडेने गेला. यंत्र गप्प होतं. त्याने कागद पाहिला, पावलं मोजली, कुंपण संपलं तरी चालत राहिला. भाजीचा वाफा ओलांडला. दगडी पात्रापाशी यंत्र किंचाळलं.

"हे उचलावं लागेल," तो म्हणाला.

व्हर्लने न सांगता दुसऱ्या बाजूने हात लावला. कुठे धरायचं ते त्याला ठाऊक होतं. पाणी लॉर्नाच्या बुटांवर सांडलं.

खाली पितळी चकती होती. भोवतीने सिमेंट जपून ओतलेलं होतं, चकतीवर एक थेंबही नव्हता. सोसाने गुडघे टेकून आकडे वाचले, तिकाटणं लावलं, दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा पाहिलं.

"कुंपण बरोबर आहे," तो म्हणाला. "उलट दहा पावलं आतच घातलंय. झरा यांचाच होता."

मग तो मागे वळला आणि त्याने हात लांब केला.

"सरकारी जमीन इथून या बाजूला."

त्या बाजूला एकच गोष्ट होती. पांढरं दार, निळे पडदे, धुराड्यातून निघणारा सकाळचा धूर. सोसाने पेन काढलं आणि कागदावर टेकवलं.

"मॅडम, मला हे नोंदवावं लागेल. ते घर... कुणाचं लिहू?"

व्हर्लने टोपी काढली आणि तो टोपीत बघत राहिला. लॉर्नाच्या हातातल्या पाटीला अजून रंगाचा वास येत होता.

"सगळ्यांचं," ती म्हणाली.