महाराजांचे पाय

कीर्तन संपलं तशी आठ वर्षांच्या बालमहाराजांच्या पाया पडायला सारं गाव रांगेत उभं राहिलं. आईने प्रणालीलाही पुढे ढकललं.

“मी बंटीच्या पाया पडू? धाकटा आहे तो माझ्याहून! कालसुद्धा गादी ओली केली त्याने.”

“हळू बोल! फेटा बांधला की तो बंटी नाही, महाराज आहेत ते.”

प्रणालीचा जळफळाट झाला. हार याला, पेढे याला, फलकावर फोटोही याचाच. ती वर्गात पहिली आली तेव्हा घरात साधा शिराही झाला नव्हता. ती वाकली आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने तिने त्याच्या घोट्याजवळ करकचून चिमटा काढला.

आता हा भोकाड पसरणार, असं तिला वाटलं. पण आशीर्वादाचा हात तसाच ठेवून महाराज कुजबुजले, “ताई, अजून जोरात काढ ना. पाय सुजला तर उद्याचं कीर्तन रद्द होईल.”

मागच्या म्हातारीने तिला कोपराने ढोसलं. “झालं का गं पोरी, दर्शन?”

“नाही झालं,” प्रणाली म्हणाली आणि त्याचे पाय दोन्ही हातांनी झाकून तिथेच बसून राहिली.