दुसरं डिकॉक्शन

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या माझ्या सासरी कॉफीचा कायदा आहे. फिल्टरमधून उतरलेलं पहिलं, घट्ट डिकॉक्शन सासरे आणि त्यांच्या चिरंजीवांना. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून निघालेलं दुसरं, फिकट, सासूबाईंना आणि मला. सहा महिने मी ते निमूट प्यायले. मग स्वतःची पूड आणून बरणीभर कोल्ड ब्रू गार पाण्यात, फ्रिजमध्ये भिजत घातलं आणि वर चिठ्ठी लावली : 'ऊर्मीचं. पहिलं.'

"थंड कॉफी?" सासरे म्हणाले. "कॉफीचं प्रेत म्हणतात याला. या घरात हे कुणी पिणार नाही."

"म्हणूनच बरणी लहान घेतलीय, बाबा."

सासूबाईंनी बरणीवरची चिठ्ठी वाचली. सकाळी उठून पाहते तर बरणी रिकामी, कॉफी गाळलेली, आणि ओट्याशी सासूबाई बर्फ घातलेला ग्लास घेऊन आरामात उभ्या. दुसरा भरलेला ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"आई, आणि त्या दोघांची कॉफी?"

 

"दिली की गो. तुझ्या बरणीतला चोथा उरला होता, त्यावर कढत पाणी ओतलं."