म्हशीएवढा मासा

कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या मे महिन्यात अंथुर्ण्याच्या विहिरीचं पाणी एवढं तापलं, की बेडकं काठावर बसून एकमेकांना वारा घालत. त्या विहिरीत निरवांगीचा सोळा वर्षांचा इंद्रजित रोज सायकल हाणत पोहायला शिकायला यायचा. शिकवणारा निहार त्याच्याच वयाचा. तो शिष्याच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, हात धरून पाण्यात न्यायचा आणि इंद्रजितचं काळीज डिझेल इंजिनासारखं धडधडायचं. हे दुखणं घरी कळतं, तर बापानं उसात गाडलं असतं. शेवटी निहार म्हणाला, "आमचं आबा इचारत्यात, ह्याला अजून येईना कसं? उद्यापासनं येऊ नगं." इंद्रजितनं मुद्दाम गटांगळी खाल्ली. "म्हशीएवढ्या माशानं पाय ओढला! अजून महिनाभर शिकव!" "गप!" निहार लाजला. "तालुक्यात पोहण्यात पहिला आलावतास. तू यायच्या आधीपासनं पेपरातला तुझा फोटू माझ्या वहीत हाय."